पागाच्या शिशाचा साचा घेताना

पावसाळा तोंडावर आला की खाडीकाठच्या वाड्यांतून पडवीत टांगलेले पाग खाली उतरतात. कुणाचे जाळे उंदराने कुरतडलेले असते, कुणाच्या घेरावरच्या शिशाच्या नळ्या गळून गेलेल्या असतात. जाळे सांधणारे हात अजून घरोघरी आहेत. नळ्याही बऱ्याच ठिकाणी घरीच भंगारातले शिसे वितळवून ओततात. मात्र त्यासाठी साचा कोणता घ्यावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. भातशेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे आपणास वाटेल. पण हे शिसे वितळते ते मागच्या अंगणात. तिथेच पोरे खेळतात, कोंबड्या उकरतात आणि दावणीला दुभते जनावर असते.

आधी हिशेब पाहू. मध्यापासून काठापर्यंत ३ मीटर असलेल्या पागाचा घेर जवळजवळ १९ मीटर भरतो. दर १० सेंटिमीटरला एक नळी धरली, तर सुमारे १९० नळ्या लागतील. अडीच सेंटिमीटर लांब, ९ मिलिमीटर जाड आणि मध्ये ४ मिलिमीटरचे भोक असलेली नळी साडेचौदा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका पागाला पावणेतीन किलो शिसे झाले. या नळ्या वजनाने सारख्या हव्यात. एका अंगाला जड आणि दुसऱ्या अंगाला हलक्या असल्या, तर पाग हवेत गोल उघडत नाही, तिरपा पडतो आणि हलक्या बाजूखालून मासा निसटतो. म्हणून साचा घ्यायचा तो सर्व घरे एकाच मापाची असलेला.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट कानशीची आहे. साच्याची दोन अर्धुके नीट बसत नसली की फटीतून शिसे झिरपते आणि नळीच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. तो दोरा कापतो, म्हणून घरातले कोणीतरी ओट्यावर बसून १९० नळ्या कानशीने घासते. शिशाची ती बारीक पूड ओट्यावर, कपड्यांत आणि नखांत जाऊन बसते. आणि रांगणारे मूल हात तोंडात घालतेच. ज्या साच्यातून निघालेल्या नळीला कानस लावावी लागत नाही, तोच साचा चांगला. बाकीचे गुण त्यानंतर.

साचे नाना प्रकारचे असतात. मातीत किंवा वाळूत खळगा करून ओतणे स्वस्त खरे, पण आपल्या दमट हवेत माती कोरडी कधी असते? ओलाव्यावर तापलेले शिसे पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे उसळून अंगावर येते. डोळा जायला एक थेंब पुरतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून खडखडीत दिसला तरी त्या पदार्थात मुळातच पाणी बांधलेले असते. नीट भाजून काढला नाही तर तोही दगा देतो, आणि भाजला की चिरा पडतात. लाकडाचा साचा पाचपंचवीस नळ्यांतच जळू लागतो. हे तिन्ही प्रकार मी तरी कोणाला सुचवणार नाही.

राहिले लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. लोखंडी साचा टिकाऊ असतो आणि उष्णता धरून ठेवतो, पण खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो. गंजाने घरे खडबडीत झाली की नळी अडकते. ती ठोकून काढावी लागते आणि पुन्हा कानस येते. अ‍ॅल्युमिनियमला गंज नाही, ते लवकर तापते, लवकर निवते आणि शिसे त्याला चिकटत नाही. धातू मऊ असल्याने हातोडीचा ठोका मात्र त्याला सोसत नाही. आमच्या किनाऱ्याच्या हवेला अ‍ॅल्युमिनियमच बरे, असे माझे मत आहे.

घरे किती असावीत? एकाच घराच्या साच्यात १९० वेळा ओतावे लागेल, चार घरांच्या साच्यात ४८ वेळा. जितके कमी ओतणे तितका शिशाजवळ कमी वेळ. दहाबारा घरांचा साचा मोहात पाडतो, पण तो सारखा तापत नाही, आणि लहान पळीतले शिसे शेवटच्या घरापर्यंत पोचेतो थिजू लागते. चार ते सहा घरे पुरेत.

साचा लेथवाल्याकडून करून घ्या किंवा तयार घ्या, पैसे देण्यापूर्वी दोन्ही अर्धुके मिटून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसता कामा नये. जोडाच्या खुंट्या घट्ट आणि सरळ बसाव्यात. भोकासाठीचा गज वाकडा नसावा, हलक्या हाताने ओढला की निघावा. घरांतली हवा बाहेर पडायला जोडाच्या पृष्ठावर केसासारख्या बारीक रेघा हव्यात, नाहीतर नळी अर्धवट भरते. दांड्याला लाकडी मूठ हवी. जमल्यास दहा नळ्या ओतून सोनाराच्या काट्यावर तोलून पाहा.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीवर सहज. ते आपल्या चुलीवर मात्र मुळीच वितळवू नये, आणि पळीही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. वस्तीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा एका बाजूने येईल असे बसावे. अंगभर सुती कपडे, बंद पादत्राणे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. साचा विस्तवाजवळ ठेवून आधी तापवावा. थंड साच्यातल्या पहिल्या नळ्यांना सुरकुत्या पडतात, त्या पुन्हा भांड्यात टाकाव्यात. वितळलेल्या शिशात ओले काहीही घालू नये. शिसे तांबूस तेज धरू लागले तर ते फार तापले आहे, विस्तव कमी करावा. नाकातोंडाला बांधलेला रुमाल त्या धुरापुढे कुचकामी आहे.

भंगारात जस्ताचे तुकडे मिसळलेले असतात. जस्त वितळायला ४१९ अंश लागतात, म्हणून मंद आचेवर ते शिशावर तरंगते. तेव्हाच काढून टाकावे, नाहीतर शिशाची पेज होते आणि घरे भरत नाहीत. ट्रॅक्टरची किंवा मोटरसायकलची जुनी बॅटरी शिशासाठी फोडू नये. तिच्यात आम्ल आहे, आणि तिच्या पट्ट्या वितळवताना निघणारे वायू जिवावर बेतू शकतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्याकडे द्यायची असते.

आता मुख्य काळजी. पोटात गेलेल्या शिशातून लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. ते वाढत्या मेंदूला बाधते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदर आईकडून गर्भातही उतरते. याची सुरक्षित मात्रा ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून या कामाच्या वेळी मुले आणि गरोदर स्त्रिया जवळपास नकोत. काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच पाण्याचा तांब्या उचलावा आणि ते कपडे वेगळे धुवावेत. शिसे दातांनी चेपायची सवय काही जुन्याजाणत्यांना आहे, ती त्यांनाही सोडायला सांगावी.

वितळलेल्या शिशावर जमणारी काळी मळी उकिरड्यावर टाकू नये. ती शेणखताबरोबर वाफ्यात जाते, आणि मातीतले शिसे सहजी निघून जात नाही. कोंबडीने टिपली तर अंड्यात उतरते, गायीने चाटली तर दुधात. शिशाची बाधा झालेले जनावर दात खाते, आंधळ्यासारखे भिंतीवर जाते, गोल फिरते आणि पुष्कळदा मरते. अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाला बोलवा आणि शिशाचा संशय त्यांना आपणहून सांगा. मळी झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याला द्यावी.

एकच पाग असेल तर माझा सल्ला सरळ आहे: तयार नळ्या विकत घ्या, साच्याच्या भानगडीत पडू नका. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले म्हणून १९८७पासून गळाच्या बहुतेक लहान शिशांवर बंदी आहे. आपल्याकडे पागाला शिशाऐवजी लोखंडी साखळी लावता येते. ती गंजते आणि जाळ्यात अडकते, ही तक्रार खरी आहे, पण घरात लहान मूल असेल तर तेवढे सोसावे. वाडीत दहाबारा पाग असतील तर मात्र सर्वांत मिळून एक चांगला साचा घेणे परवडते. एकाच दिवशी, एकाच जागी, जाणत्या माणसाने सर्वांच्या नळ्या ओताव्यात.

साचा, पळी आणि भांडे एकाच पेटीत ठेवावे. साचा लोखंडी असेल तर तेलाचा हात देऊन ठेवावा, आणि पुढच्या खेपेला ओतण्याआधी ते तेल पूर्ण पुसून टाकावे, कारण तेल राहिले तर धूर होतो आणि नळ्या सुरकुततात. पेटी मांगरात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असावी. धान्याच्या कणग्यांजवळ ती नको.