खुरावरची कानस

मिरजगावच्या शिवारात आज घोडं दिसलं तर ते एक तर वरातीतलं असतं, नाहीतर धनगराच्या बिऱ्हाडाचं. वरातीतल्या घोड्याच्या झुलीकडे सगळे बघतात. बिऱ्हाडाच्या घोड्यावर लादलेली भांडी, कोंबड्या आणि मधोमध बसवलेलं लेकरू हेही बघण्यासारखंच. पायांकडे मात्र कुणी बघत नाही. घोड्याचं सारं खरंखोटं तिथेच लिहिलेलं असतं आणि ते लिहिण्याचं, वेळप्रसंगी पुसण्याचंही हत्यार म्हणजे चौदा इंचांची एक दातेरी पोलादी पट्टी. हा लेख त्या पट्टीबद्दल आहे.

इतिहास थोडक्यात उरकू. नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावातून जामखेड ओलांडलं की खर्डा. तिथे मार्च 1795 मध्ये मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा हा सगळा मुलूख टापांखाली होता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद. पाण्याची पखाल आणि खुराची निगा एकाच मोलाची धरणारा तो हिशेब होता. नंतर फौजा गेल्या, रेल्वे आली, मोटारी आल्या. नालबंद उरला तो आठवडी बाजाराच्या कडेला, बैल पाडून त्याच्या पायांना पत्र्या ठोकणारा. इतिहास एवढा पुरे.

आता खूर. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाच्याच जातीचा, केराटिनचा. तो महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. पुढची बाजू वरपासून खालपर्यंत नवी व्हायला वर्षभराच्या आसपास लागतं. अनवाणी घोड्याचा खूर चालण्याने झिजत राहतो. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून वाढलेला भाग तासावा लागतो, मग तोच नाल चांगल्या स्थितीत का असेना. पकडीने खिळे उपटायचे, सुरीने तळव्याचा सुटलेला पापुद्रा काढायचा, निपराने कड कापायची आणि मग ती दातेरी पट्टी, म्हणजे रास्प, हातात घ्यायची.

रास्प आणि कानस यांतला फरक लोहारालाही कधी कधी नीट सांगता येत नाही, कारण दुकानात दोन्ही एकाच कप्प्यात पडलेल्या असतात. कानशीवर छिन्नीने आडव्या, तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. एकेरी रेघा असतील तर एकेरी काप, एकमेकींना छेदणाऱ्या असतील तर दुहेरी. रास्पवर रेघ नसते. तिथे प्रत्येक दात टोकदार पंचाने पोलादातून वेगवेगळा उचललेला असतो. पुढच्या ओळीतला दात मागच्या ओळीतल्या दोन दातांच्या फटीसमोर येतो, त्यामुळे खुरावर चर न पडता सलग पातळी निघते. घोड्याच्या रास्पला दोन तोंडं असतात. एका बाजूला हे मोठे सुटे दात, दुसऱ्या बाजूला कानशीचा बारीक काप. कडांनाही बहुधा एकेरी दात काढलेले असतात.

मिरजगावसारख्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात लोखंड घासायची चपटी कानस मिळते आणि सुताराची अर्धगोल रास्पही. घोडेवाला अडला की यांतलं काहीतरी उचलतो. चपट्या कानशीचं काय होतं? खुराचा भुसा रेघांत बसतो, दहा हातांत ती गुळगुळीत होते आणि मग खुरावरून नुसती सरकत राहते. सुताराची रास्प कापते तरी, पण तिची गोल बाजू खुराच्या कडेला खळगा पाडते. त्या खळग्यावर नाल ठोकला की तो दोन टोकांवर टेकतो आणि मध्ये पोकळी राहते. घोड्याचा सगळा भार मग खिळ्यांवर. घोडा लंगडू लागला की दोष नालबंदाच्या हातोडीला मिळतो. खरा दोष अर्धगोल रास्पचा असतो.

लांबी, रुंदी, मूठ यांवर घोडेवाल्यांत बरेच वाद झडतात. चौदा इंची रास्प सर्वांत रूढ आहे. सतरा इंची लांब पडते, पण मोठ्या खुरावर एका हातात जास्त काम करते आणि लांब असल्यामुळे पातळी राखायला सोपी जाते. धनगरांच्या भीमथडीसारख्या आटोपशीर घोड्याच्या लहान खुरावर मात्र ती अडचणीची. एवढ्या लांबीचं पुढचं टोक दुसऱ्या पायाला नाहीतर धरणाऱ्याच्या मांडीला लागतं. परदेशी रास्पमध्ये अमेरिकेची हेलर, स्पेनची बेलोटा, स्वित्झर्लंडची वालॉर्ब ही नावं मोठी. लेखकाचं मत विचाराल तर नावापेक्षा दाताची धार मोलाची. नवी रास्प घेताना तिच्यावरून बोटाचं टोक हलकेच उलट्या दिशेने ओढावं. प्रत्येक दात कातडीला सारखाच अडायला हवा.

दात हाच या सगळ्यातला सर्वांत रसाळ विषय. पंधराशेच्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने कानशीचे दात आपोआप पाडणाऱ्या यंत्राचं रेखाटन केलं होतं. तरी पुढची कित्येक शतकं दात हातानेच पडत राहिले. शेफिल्डचे कारागीर शिशाच्या ठोकळ्यावर कानस ठेवून छिन्नी मारत आणि आयुष्यभर त्या शिशाच्या धुळीने आजारी पडत. अमेरिकेत निकोल्सन कंपनी 1864 साली यंत्राने कानशी पाडू लागली आणि जगाचा बाजार पालटला. फ्रान्समधल्या ओरियू आणि लियोजिए या जुन्या कारखान्यांत मात्र सुतार आणि शिल्पकारांसाठीच्या रास्पचे दात आजही हातोडी आणि टोच्याने एकेक करून उठवतात. तिथे दात मुद्दाम थोडे अनियमित ठेवतात, म्हणजे लाकडावर चर पडत नाहीत. डावखुऱ्यांसाठी वेगळी मांडणीही मिळते. नालबंदाला एवढा थाट परवडणारा नाही. त्याची रास्प यंत्राचीच, कारण ती काही महिन्यांत झिजवून फेकायचीच असते.

पोलादात सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. दात पाडताना ते मऊ असावं लागतं, नाहीतर पंचच मोडेल. दात पडले की त्यांवर मिठासारख्या द्रव्यांचा लेप चढवून पट्टी तापवतात, म्हणजे टोकांतला कार्बन जळत नाही. मग एकदम पाण्यात बुडवतात. त्या क्षणी पट्टी वाकली तर काम वाया, कारण वाकडी रास्प खुराला सपाट करू शकत नाही. रेमंड समूहाच्या जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत आणि तिथल्या कानशी जगभर जातात. घाट उतरून कोकणात जाणारी धनगरांची घोडी आणि जगाला कानशी पुरवणारे हे कारखाने एकाच मातीवर आहेत, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात यायला हवी असं लेखकाला वाटतं.

आणि दात मरतात कसे? खुराने सहसा नव्हे. खूर बिचारा एरवी मऊच असतो. दातांना मारतात ती वाळू, खुरात रुतलेले खडे आणि खिळ्याची टोकं. मिरजगावचा कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात जमीन भाजते आणि खूर सुकून एवढा कडक होतो की नवी रास्पही ओरबाडत चालते. असा खूर आधी भिजवून घेतला तर दात आणि मनगट, दोन्ही वाचतात. आधी ब्रशने माती झाडायची, खिळे काढून टाकायचे, मगच रास्प लावायची. दाब फक्त पुढे ढकलताना द्यायचा, मागे घेताना रास्प उचलायची. पुढे-मागे घासणारा माणूस पैसे घासत असतो. काम झाल्यावर तारेच्या ब्रशने भुसा काढून ती एकटीच फडक्यात गुंडाळावी. दोन रास्प एकाच पिशवीत खुळखुळल्या की एकमेकींचे दात पाडतात. दात बोथट झालेली रास्पही फेकत नाहीत. नव्या रास्पने खूर आणि जुन्याने खिळ्याची टोकं, अशी वाटणी असते.

खिळ्याचं काम कानशीच्या बाजूचं. नालाच्या खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, त्यामुळे तो आत न घुसता वळून खुराच्या भिंतीतून बाहेर येतो. बाहेर आलेलं टोक तोडायचं, त्याखाली कानशीच्या कडेने बारीक खाच पाडायची आणि टोक मुरडून त्या खाचेत बसवायचं. मग बारीक बाजूने एक हलका हात. इथेच रास्पचा सर्वांत मोठा गैरवापर होतो. नाल खुरापेक्षा लहान पडला की काही जण खुराची भिंतच बाहेरून घासून नालाला जुळवतात. खूर गुळगुळीत, देखणा दिसतो. पण भिंतीचं वरचं आवरण निघून जातं, ती पातळ होते आणि पुढच्या खेपेला खिळ्यांना धरायला जागा उरत नाही. नाल खुराला जुळवायचा, खूर नालाला नव्हे, हे काम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात.

रास्पचा दुसरा, काळा वापर बाजारात दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे पाहतं, दात पाहतं, चाल पाहतं. खुराची पाळी शेवटी येते. आजारात आणि चाऱ्याच्या बदलात खुरावर आडवी वळी उमटतात. ती पुढे अरुंद आणि टाचेकडे रुंद होत गेलेली दिसली तर घोड्याला खुराच्या आतल्या दाहाचा विकार होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. रास्पचे चार हात आणि तेलाचं बोट, की ही सगळी वळी नाहीशी. तेलाने लखलखणारा खूर दिसला तर घेणाऱ्याने आधी तो पुसावा आणि उजेडात तिरका धरून पाहावा.

शर्यतीचे घोडे ही वेगळीच दुनिया. पुण्यात पावसाळी हंगाम, मुंबईत महालक्ष्मीला हिवाळी. तिथे अॅल्युमिनिअमचे हलके नाल, पातळ भिंतीचे खूर आणि रास्पचा अगदी जपून वापर. माथेरानला उलट. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा लाल मातीत चालत असे. मातीवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली आणि घोडे घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. दस्तुरी नाक्यावर तासभर उभं राहिलं की ती तक्रार कानाने समजते. मातीवरची दबकी टाप आणि ब्लॉकवरची खणखणीत टाप एकाच घोड्याची असते.

शर्यतीच्या दुनियेचं दुसरं टोक नगर जिल्ह्यातल्या मढीला. पाथर्डी तालुक्यातल्या कानिफनाथांच्या यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा अरुंद, उभट आणि कोरड्या मुलखासाठी घडलेला. घोड्याच्या मापाने तो आडवा करायला गेलं तर गाढव बिघडतं. त्याला थोडं तासणं पुरतं, पण ते वेळेवर हवं. विटा आणि वाळू वाहणाऱ्या गाढवांच्या खुरांकडे कुणी रास्प घेऊन वाकत नाही, आणि टोकाला वळलेले त्यांचे खूर पाहिले की मालकाचा राग येतो.

भीमथडी घोड्याची 2023 साली राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. भीमेच्या खोऱ्यातला, काटक, धनगरांचं बिऱ्हाड वाहणारा हा घोडा. नोंदीमुळे पैदाशीकडे लक्ष जाईल, हे चांगलंच. पण कर्जत–जामखेडच्या पट्ट्यात खूर शास्त्रशुद्ध तासणारी तरुण माणसं तयार झाली नाहीत तर चांगल्या पैदाशीचा घोडाही वाकड्या पायांनी चालेल. मेरठला लष्कराच्या रिमाउंट आणि पशुवैद्यक दलात हे काम रीतसर शिकवतात. गावच्या मुलाला ते शिकायचं तर एखाद्या म्हाताऱ्या नालबंदाच्या मागे फिरण्यावाचून फारसा मार्ग नाही.

दात पूर्ण गेलेली रास्प शेवटी लोहाराकडे पोचते, कारण इतकं कडक पोलाद भंगारात घालवायला कुणाचं मन होत नाही. त्याची सुरी किंवा लहान विळा चांगला होतो. फक्त घडवण्याआधी पट्टी लाल करून सावकाश थंड करावी लागते आणि दातांच्या खाचा मुळापासून घासून काढाव्या लागतात. एखादी खाच राहिली तर पाणी पाजताना तडा नेमका तिथूनच जातो.