वस्त्रावरील नीतिकथा : प्राणिकथांच्या भरतकामाचा आणि कापडांचा संग्रह

प्रस्तावना

इसापाच्या आणि पंचतंत्राच्या कथांचा अभ्यास आजवर मुख्यत्वे ग्रंथांच्या आधारे झालेला आहे. कोणती कथा कोणत्या भाषांतराच्या वाटेने कोठे पोहोचली, याचे वंशवृक्ष विद्वानांनी परिश्रमपूर्वक मांडले आहेत. परंतु ज्यांनी या कथा पुस्तकात कधी वाचल्या नाहीत, अशा असंख्य माणसांच्या घरांत त्या पडद्यावर, खुर्चीच्या बैठकीवर, रुमालावर किंवा उशीच्या अभ्र्यावर नांदत होत्या. अमेरिकेत ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठाच्या कार्लसन कथासंग्रहात पुस्तकांबरोबर नित्य वापराच्या वस्तूही जमा केलेल्या आहेत, त्यामागे हीच दृष्टी दिसते. कापड हे कथेचे नुसते चित्र नव्हे, तर कथेच्या वापराचा तो पुरावा असतो. संग्रह करताना हा पुरावा कसा हाती लागतो आणि कसा निसटतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बायोचे कापड

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्समधील बायो येथील 'टॅपेस्ट्री'. वस्तुतः ती टॅपेस्ट्री नाहीच. टॅपेस्ट्रीत चित्र मागावर विणले जाते. येथे तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरतकाम केलेले आहे. सुमारे ७० मीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद अशा या पट्ट्यावर १०६६ मधील इंग्लंडच्या जिंकण्याची हकीकत चितारली आहे. हे काम त्याच शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा इंग्लंडमध्येच झाले, असे मानले जाते.

मधल्या पट्ट्यात राजे, गलबते आणि घोडेस्वार आहेत. काठांवर मात्र पशुपक्षी. त्यांतील बरेचसे शोभेचे आहेत. पण आठ-नऊ ठिकाणी इसापकथा आहेत, याबद्दल अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. लांडगा आणि कोकरू, लांडगा आणि बगळा, कोल्हा आणि कावळा या त्यांपैकी काही. कोल्हा-कावळ्याची जोडी तर तीन वेळा येते आणि चीजचा तुकडा प्रत्येक वेळी त्याच जागी नसतो. हॅरॉल्डच्या फ्रान्सच्या प्रवासाच्या दृश्यांखाली या कथा दाटीने आलेल्या असल्यामुळे, जिंकलेल्या इंग्रजांनी जेत्याविषयी काठावर काही सुचवले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. मग कोल्हा कोण? विल्यम की हॅरॉल्ड? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले आहेत. माझ्या मते कापडाने हा प्रश्न मुद्दामच मोकळा ठेवला आहे. कारण पुस्तकात कथेखाली तात्पर्य येते, काठावर ते येत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न

संग्राहकापुढील पहिली अडचण येथेच उभी राहते. कोल्हा आणि पक्षी शेजारी आले म्हणजे कथा झाली असे नाही. कथा ठरते ती एखाद्या छोट्या वस्तूमुळे. द्राक्षांचा घड असेल तरच कोल्हा इसापाचा. उंच मानेची सुरई असेल तरच करकोचा त्याचा पाहुणा. आणि खडे नसतील तर माठावर बसलेला कावळा म्हणजे केवळ कावळा.

हीच छोटी वस्तू पुष्कळदा कथेची वंशावळही सांगते. कावळ्याच्या चोचीत जुन्या ग्रीक गद्य पाठांत मांस आहे, तर फीड्रसच्या लॅटिन पद्यात चीज आहे. बायोच्या कापडावर चीज आहे, त्यावरून तेथील परंपरा लॅटिन असल्याचे उमगते. ला फोंतेन यांनी आपल्या कथांच्या १६७८ मधील दुसऱ्या संग्रहात 'पिल्पे' या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. त्या संग्रहात पंचतंत्रातील काठी तोंडात धरून उडणारे कासव आहे. मात्र त्याला नेणारे हंस तेथे बदके झाले आहेत. तेव्हा एखाद्या फ्रेंच कापडावर असे कासव आढळल्यास त्याचा मागोवा अरबी आणि पहलवी भाषांतरांतून थेट आपल्याकडे पोहोचतो.

खुर्ची आणि पडदा

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये या कथांना दिवाणखान्यात मानाची जागा मिळाली. चित्रकार झाँ-बातिस्त उद्री यांनी १७२९ ते १७३४ या काळात ला फोंतेनच्या कथांवर पावणेतीनशेहून अधिक रेखाटने केली. १७३४ मध्ये ते बोव्हे येथील टॅपेस्ट्रीच्या कारखान्याचे संचालक झाले आणि पुढे त्यांच्या प्राणिचित्रांवरून खुर्च्यांची आच्छादने विणली गेली. अनेक संचांत पाठीवर माणसांची चित्रे आणि बैठकीवर प्राण्यांच्या कथा अशी वाटणी दिसते. नीतीवर प्रत्यक्ष बसण्याची ही सोय त्या समाजाविषयी बरेच सांगून जाते! ओब्युसाँ येथेही असे काम झाले, आणि एकोणिसाव्या शतकात नकला इतक्या निघाल्या की केवळ चित्रावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय जुनी आच्छादने उतरवून नव्या लाकडावर चढवण्याची प्रथा होती. चौकट आणि कापड समवयस्क असतीलच असे नाही.

छापील कापडाची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. भारतीय छिटांच्या लोकप्रियतेला घाबरून फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली. पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फ यांनी ज्वी येथे कारखाना काढला. त्यांचे चित्रकार झाँ-बातिस्त ह्युए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाप, मुलगा आणि गाढव यांची कथा कापडावर उतरवली. कोणाचे ऐकावे याचा घोळ संपतो न संपतो तोच नमुन्याची पुनरावृत्ती होऊन बापलेक पुन्हा रस्त्याला लागतात. पडद्यावरील कथेला शेवट नसतो. ठाणाच्या टोकाला कारखान्याचा शिक्का असे. पण शिवताना नेमका तोच भाग कापला जाई, म्हणून शिक्क्यासह मिळालेला तुकडा संग्राहकांना मोलाचा वाटतो.

खाक्याची वाट

घरगुती भरतकामाचा मार्ग पुस्तकातूनच जातो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बार्लो यांचा सचित्र इसाप १६६६ मध्ये निघाला. तेथील स्त्रिया अशा छापील चित्रांच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडून त्यांतून कोळशाची भुकटी कापडावर उतरवीत. आपल्याकडे ट्रेसिंग पेपर टोचून नीळ आणि रॉकेलने खाका उठवतात, ती हीच युक्ती. यात नमुन्याचे पान खराब होते. त्यामुळे नमुन्यांची जुनी पुस्तके फार थोडी टिकली आणि कापड हाच पुष्कळदा पुस्तकाचा शिल्लक पुरावा ठरतो. खाका उलटा ठेवला की चित्राची दिशा बदलते. ज्या मागावर कापडाच्या मागील बाजूने विणतात, तेथेही तसेच होते. म्हणून मूळ चित्राशी तुलना करताना ते आरशात पाहावे.

जतन आणि नोंद

संग्रहालयांत जुन्या कापडावर सामान्यतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. कापड घडी न घालता गुंडाळून, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवावे. लोकरीला कसर लागते, खळीला झुरळे. डाग काढण्याच्या उत्साहात कापड धुणे हा मात्र कसरीहून मोठा शत्रू होय. मागची बाजू आवर्जून पाहावी. बायोच्या कापडाची मागील बाजू १९८० च्या दशकाच्या आरंभी तपासली गेली, तेव्हा तेथे रंग अधिक टवटवीत आढळले.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कपाटात रुखवतातून आलेला एक अभ्रा पाहिला. माठ, कावळा आणि पायथ्याशी पाच खडे. नोंदवहीत 'हातकाम, १ नग' एवढेच लिहिलेले होते. देणगीदार कोण, काम कोणी केले, चित्र शालेय पुस्तकातून घेतले की मासिकातल्या नमुन्यातून, कशाचाच उल्लेख नव्हता. कोणीतरी तो स्वच्छ धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. उलटून पाहिले तेव्हा निळीची रेघ एकाच ठिकाणी, शिवणीच्या आत, पाणी न पोहोचलेल्या जागी उरली होती. तेथे आणखी एक खडा आखलेला होता, तो भरायचा राहून गेला होता. नोंदवहीत त्या 'हातकाम' या शब्दापुढे आम्ही एवढी तरी भर घातली.