टो ट्रकचं ‘मूळ’ रूप नेमकं कुठलं?

जगातला पहिला टो ट्रक कुठल्या सालचा? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं शहर आहे. तिथल्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने १९१६ मध्ये १९१३ च्या एका कॅडिलॅक गाडीवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली आणि अडकलेल्या गाड्या ओढायची सोय केली. आता सांगा, ही गाडी १९१३ ची की १९१६ ची?

गंमत म्हणून विचारत नाहीये. जुना टो ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करायचा तर पहिली अडचण हीच येते, आणि संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ती कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतेच.

टो ट्रक म्हणजे खरं तर दोन वस्तू. खालचा ट्रक एका कारखान्याचा, वरचं ओढायचं यंत्र दुसऱ्याचं. दुसऱ्या महायुद्धातला डायमंड टी ९६९ घ्या: ट्रक शिकागोच्या डायमंड टी कंपनीचा, मागे होम्सचं दोन बूमचं यंत्र. एक बूम बाजूला वळवून खड्ड्यातली गाडी ओढायची, तेव्हा दुसऱ्या बूमची दोरी विरुद्ध बाजूच्या झाडाला बांधायची, म्हणजे ट्रक स्वतः उलटत नाही. अशी यंत्रं दणकट असत. खालचा ट्रक खिळखिळा झाला की गॅरेजवाले यंत्र उचलून दुसऱ्या ट्रकवर चढवायचे. त्यामुळे आज हातात आलेल्या ट्रकचं एकच ‘मूळ’ साल असेलच असं नाही.

मग हे शोधायचं कसं? बहुतेक जण आधी सँडब्लास्टिंग करून सगळा रंग उडवतात. माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक आहे, कारण पुरावा त्या रंगातच असतो. त्याऐवजी दोन-तीन आडोशाच्या जागी, जिथे ऊन-पाऊस कमी लागला असेल, रुपयाच्या नाण्याएवढा भाग आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने, पाण्यासोबत, हळूहळू घासायचा. (जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावाच, कोरडं घासू नका.) झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतात, एकेक वर्तुळ म्हणजे रंगाचा एकेक थर.

समजा, चासीवर चार थर दिसले आणि बूमवर सहा. वरचे चार अगदी जुळतात, बूमवर खाली दोन जास्त आहेत. म्हणजे बूम आधी दुसऱ्या ट्रकवर होता? शक्यता चांगली आहे, पण घाई नको. कदाचित चासी मध्येच कधीतरी खरवडून रंगवली असेल. थर सापडला नाही याचा अर्थ तो कधी नव्हताच असा होत नाही! म्हणून दुसरा पुरावा लागतो: चासीवर जुन्या, आता रिकाम्या बोल्टांची भोकं आहेत का? ती या यंत्राच्या पायाशी जुळतात का? दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं तर थोडा विश्वास ठेवायचा. हे सगळं मोजून, फोटो काढून, वहीत तारखेसह लिहून झालं की मगच पाना उचलायचा.

एका बाबतीत मात्र ‘मूळ’पणाचा हट्ट सोडावा लागतो. जुनी वायररोप बाहेरून ठीक दिसते, पण आत गंजून तारा तुटलेल्या असू शकतात, आणि वजनाखाली ती तुटली तर माणूस जाऊ शकतो. ट्रक काम करणार असेल तर दोरी नवीच हवी. फक्त नवा भाग नवा आहे हे लपवायचं नाही. जुन्या गाड्यांसाठीच्या ट्यूरिन चार्टरचं म्हणणंही हेच आहे: बदललेल्या भागावर सहज डोळ्यात न भरणारी, पण पुसली न जाणारी खूण हवी.

काढलेली दोरी टाकून देऊ नका. कुठल्या ड्रमवरून, कधी काढली ते चिठ्ठीवर लिहून जपून ठेवा. आणि घासलेले ते दोन-तीन गोल नव्या रंगाखाली बुजवू नका, कारण तुमचा निष्कर्ष तपासायला उद्या कोणी आलं तर त्याला तेच बघायचे असतील.