पदक एकाचे, गुरू अनेक
- क्रीडा प्रतिनिधी

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तिला घडविणारे ओ. एम. नंबियार १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत होते. एका खेळाडूमागे एकच गुरू, हे चित्र तेव्हापासून जनमानसात रुजले. आज मात्र त्या एका भूमिकेची अनेक भागांत विभागणी झाली आहे.

पाया आणि तंत्र

पहिला असतो पायाभूत प्रशिक्षक. धावणे, उडी, फेक अशा सर्व हालचालींची गोडी लावणे आणि मुलाचा कल ओळखणे, हे त्याचे काम. नीरज चोप्राच्या हाती भाला आला तो पानिपतच्या मैदानावर, जयवीर यांच्यामुळे. तंत्र प्रशिक्षकाची भूमिका त्यापुढची. धाव किती पावलांची, भाला कोणत्या कोनात सुटावा, याचा हिशेब तो मांडतो.

मे २०१९ मध्ये नीरजच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर जैवयांत्रिकीचे जर्मन तज्ज्ञ क्लाऊस बार्टोनिट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने जानेवारी २०२० मध्ये ८७.८६ मीटर फेक करून टोकियोची पात्रता मिळविली. २०२१ मध्ये तेथे ८७.५८ मीटर फेकीने सुवर्णपदक आले.

ताकद आणि सावरणे

स्नायूंची ताकद, लवचिकता व दमसास वाढविणे ही शारीरिक क्षमता प्रशिक्षकाची जबाबदारी. फिजिओथेरपिस्ट हा प्रशिक्षक नव्हे. पण दुखापतीनंतर सराव केव्हा आणि किती करावा, याबाबत त्याचे मत मोलाचे ठरते. स्पर्धेचे दडपण हाताळण्यास मानसतज्ज्ञ मदत करतो.

अंतिम शब्द कोणाचा?

खरी अडचण येथेच सुरू होते. तंत्र प्रशिक्षकाने दिवसभर फेकी करून घेतल्या आणि त्याच सायंकाळी दुसऱ्याने जड वजने उचलायला लावली, तर दोघांचेही वेळापत्रक आपापल्या जागी बरोबर असूनही खांदा निकामी होऊ शकतो. म्हणूनच सर्वांचा मेळ घालणारा आणि प्रसंगी विश्रांतीचा आदेश देणारा मुख्य प्रशिक्षक आवश्यक असतो.

शाळकरी खेळाडूंना असा ताफा क्वचितच लाभतो. तेथे क्रीडाशिक्षकालाच सर्व भूमिका पार पाडाव्या लागतात. त्यामुळे मुलाला मैदानावर पाठविताना पालकांनी प्रशिक्षकाने जिंकून दिलेली पदके मोजण्यापेक्षा एक प्रश्न अवश्य विचारावा: मूल दमले आहे, हे येथे कोण पाहते?