कालव्याच्या दारावरचा माणूस

पनामा कालव्यात जहाज जलपाशातून पायरी-पायरीने वर चढतं. बुलढाण्यातल्या कालव्यांत होडीसुद्धा चालत नाही. इथे चढतो-उतरतो तो फक्त पाणी मागणाऱ्यांचा आवाज. तरी दार सांभाळणारा माणूस इथेही आहे. तो म्हणजे कालवा चौकीदार.

नळगंगा धरण असो, पेनटाकळी असो की खडकपूर्णा, १५ ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवते. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतात. मग सगळं येतं कालव्याच्या दाराच्या चाकावर. चाक फिरवलं की दार उचललं जातं, पाणी वितरिकेत शिरतं, तिथून चारीत. मुखाशी दार जरा जास्त उचललं, की शेपटाचा हरभरा कोरडा. म्हणून आधी शेपटाला पाणी द्यायचं, असा नियम. पण कालवा रात्रीही वाहतो आणि चोरीची दारं रात्रीच उघडतात. सकाळी शेपटाचा माणूस चौकीदारालाच गाठतो, "भाऊ, आमच्या चारीले पानी कवा येईन?" दार उघडलं कुणी, आणि बोलणी खातं कोण!

सातव्या वेतन आयोगात कालवा निरीक्षक आणि मोजणीदार यांची श्रेणी १९,९००–६३,२०० रुपये. चौकीदार गट-ड मधला. तिथली पहिली श्रेणी १५,०००–४७,६००. तीही सहज मिळाली नाही. जुने कित्येक जण रोजंदारीवर लागले. सलग पाच वर्षं भरली की रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचं, हे १९६७ च्या कालेलकर निवाड्याने ठरवलं. म्हणून मस्टरवरचा मजूर पेन्शनपर्यंत पोचला. ती पिढी आता निवृत्त झाली. २०२३ मध्ये जलसंपदा विभागाने ४,४९७ जागांची जाहिरात काढली, त्यात कालवा निरीक्षक १,१८९. पण भरती गट-ब (अराजपत्रित) आणि गट-क ची, चौकीदाराची जागा तिच्यात नाही.

शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणी मोजून पाणी वापर संस्थेच्या हवाली करायचं ठरलं. आतल्या चाऱ्यांवर संस्थेचाच पाटकरी. त्याचा पगार पाणीपट्टीतून निघायचा. पाऊस हुकला, पाळी झाली नाही, तर पट्टी कुठली आणि पगार कुठला?

जिगाव प्रकल्पात पाणी उपसून बंद नळांतून द्यायचं आहे. तिथे चाकाच्या जागी व्हॉल्व्ह येईल. त्याच्यापाशी रात्री कोण थांबणार, आणि कुठल्या श्रेणीत?