गोंड्याला शिवलेली बाई
(लेखमाला : बायबलमधली वस्त्रं, लेखांक ५)

फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरली की नाशिक रोड स्टेशनवर मुंबईच्या गाड्यांतून लोंढेच्या लोंढे उतरतात. त्या दिवसांत रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो. मूर्ती एवढीशी, पण थाट राजाचा : डोक्यावर मुकुट, अंगात घोळदार झगा. ही घडण मूळची प्रागची. पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईने १६२८ साली तिथल्या कार्मेलाइट साधूंना जेमतेम दीड फुटाची मूर्ती दिली, आणि आजही तिथे उपासनेच्या ऋतूप्रमाणे तिचे कपडे बदलतात. नाताळ-ईस्टरला पांढरे, उपवासकाळात जांभळे.

रांगेत मात्र माझं लक्ष मूर्तीपेक्षा हातांकडे जातं. कोणी रुमाल टेकवतं, कोणी पदराचं टोक. एका वर्षी माझ्या पुढच्या आजींनी पिशवीतून एक झबलं काढलं, पिवळं, मानेशी बंद असलेलं. ते टेकवलं, नीट घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवलं. बाळ सोबत नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

कापडाला लागलेलं काहीतरी कापडातून पुढे जातं, हे त्या आजींना पटवून द्यावं लागलं नव्हतं. मागच्या लेखांकात योसेफाचा पायघोळ झगा पाहिला. तिथे वस्त्र म्हणजे मान होता. आज वस्त्र म्हणजे स्पर्श.

गोष्ट मार्काच्या पाचव्या अध्यायातली. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे, म्हणून येशू घाईने निघालाय. भोवती चेंगराचेंगरी. तेवढ्यात बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून येते. वैद्यांपायी जवळचं सगळं गेलेलं. ती त्याच्या वस्त्राला हात लावते आणि स्राव थांबतो. वैद्यांनी तिला लुबाडल्याचं मार्क तिखटपणे सांगतो. लूक मात्र हात राखून लिहितो. परंपरा त्याला स्वतःलाच वैद्य मानते, त्यामुळे मला इथे नेहमी हसू येतं.

मराठी बायबलने इथे जो शब्द वापरला, तो इंग्रजीला कधीच सापडणार नाही. ती वस्त्राला ‘शिवली’. नुसता हात लागणं आणि शिवणं यांत काय अंतर आहे, हे ज्यांच्या घरात सोवळं-ओवळं होतं त्यांना सांगायला नको. आमच्या आजीचं सोवळं उंच वलणीवर असायचं. ते काठीने वर टाकायचं नि काठीनेच खाली घ्यायचं. खालून जाताना आम्ही पोरं उगाच मान आखडून घ्यायचो. आणि महिन्यातल्या चार दिवसांत बाई ‘शिवायची नाही’.

लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात जवळपास हेच आहे. स्राव चालू असलेल्या बाईच्या अंथरुणाला किंवा आसनाला जो शिवेल, त्याने कपडे धुवावेत, अंघोळ करावी, तरी संध्याकाळपर्यंत तो अशुद्धच. म्हणजे ही बाई बारा वर्षं ‘बाजूला’ बसलेली. गर्दीत शिरून तिने किती जणांना विटाळलं असेल! म्हणूनच ती समोरून येत नाही, मागून येते.

मत्तय आणि लूक तर नेमकी जागाही सांगतात : वस्त्राचा गोंडा. हा गोंडा शोभेचा नाही. गणनाच्या पंधराव्या अध्यायात आज्ञा आहे की वस्त्राच्या काठांना गोंडे लावा, त्यांत निळा दोरा घाला आणि ते पाहून देवाच्या आज्ञांची आठवण ठेवा. ज्या नियमशास्त्राने तिला बारा वर्षं लांब ठेवलं, त्याच नियमशास्त्राची खूण तिने मुठीत धरली.

आता हाग्गय संदेष्ट्याचा एक प्रश्न पाहू. तो याजकांना विचारतो, पदरात पवित्र मांस बांधलेलं असताना तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर? ती विटाळते. विटाळ पसरतो, पावित्र्य पसरत नाही. यहेज्केल मात्र उलटं बजावतो : याजकांनी बाहेरच्या अंगणात जाताना तागाची वस्त्रं उतरवून आतच ठेवावीत, नाहीतर लोकांना पावित्र्य लागेल. एकाच ग्रंथात दोन मतं, आणि ती जुळवत बसायचा माझा विचार नाही.

त्या गर्दीत हाग्गयाचा हिशेब उलटतो. बाई शिवते आणि विटाळ येशूकडे जात नाही. त्याच्यातून शक्ती निघून तिच्याकडे जाते. तो थांबतो, माझ्या वस्त्राला कोण शिवलं म्हणून विचारतो. शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत हा काय प्रश्न! पण ती थरथरत पुढे येते आणि सगळ्यांसमोर सारं सांगते. तो तिला ‘मुली’ म्हणतो. अंघोळ कर, कपडे धू, असलं काही नाही.

हे वाचताना मला नाशिकजवळच्या गोदाकाठचं जलालपूर आठवतं. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या, जन्म १८६८ चा. वडिलांचं सोवळं किती टोकाचं होतं आणि घरच्यांचा त्यात कसा जीव जायचा, ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हसत हसत लिहिलंय. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांच्या मनातल्या सोवळ्याचा पीळ सुटायला लागली. गोंड्याची गोष्ट त्यांना जशी कळली असेल, तशी युरोपातल्या पंडितांना कळली असेल असं मला वाटत नाही.

‘शिवणे’चा दुसरा अर्थ राहिला. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात चार शिपाई क्रुसापाशी येशूचे कपडे वाटून घेतात, पण अंगरख्याला शिवणच नाही. वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला, म्हणून फाडण्याऐवजी ते चिठ्ठ्या टाकतात. महायाजकाचा झगाही असाच बिनशिवणीचा असे, असं योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनला त्या अंगरख्यात न फाटणारी मंडळी दिसली. आपल्याकडे पूजेला धोतर चालतं, सदरा चालत नाही. बिनशिवणीचं ते शुद्ध. ज्या वस्त्राला ती बाई शिवली ते हेच होतं का, शुभवर्तमान सांगत नाही. शिपायांच्या चिठ्ठ्यांत अंगरखा कोणाला गेला, तेही नाही.

पुढच्या आठवड्यात : गोणपाट आणि राख.