बैठक आणि आसन : योगाभ्यासाच्या मूळ हेतूविषयी

मराठीत 'बैठक' हा शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरला जातो. तालमीतला मुलगा पहाटे उठून जोर काढतो, बैठका मारतो, ती एक बैठक. आणि गवई किंवा ग्रंथाचा अभ्यासक तासन्‌तास एका जागी स्थिर होतो, त्याची बैठक ही दुसरी. पहिलीत शरीर राबवून बळ मिळवावयाचे असते. दुसरीत शरीराचा विसर पडून मन एखाद्या विषयात रमावयाचे असते. योगासनांची गोष्ट निघाली की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिलीच बैठक उभी राहते. २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला, तेव्हापासून तर मैदानावरील सामुदायिक आसने हेच योगाचे सर्वपरिचित रूप झाले आहे. त्यात वाईट काही नाही. शरीर निरोगी असावे, ही इच्छा कोणी हीन लेखू नये. परंतु ज्यांनी हे शास्त्र घडविले त्यांच्या मनात काय होते, हे न जाणता केलेला अभ्यास अर्ध्या वाटेवर थांबतो, आणि तो थांबला आहे हे साधकाला कळतही नाही. म्हणून त्या मूळ हेतूचा थोडा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

'आसन' हा शब्द 'आस्' म्हणजे बसणे या धातूपासून आला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या दोनशेच्याही आत आहे, आणि त्यांतील अवघी तीन सूत्रे आसनाला वाहिलेली आहेत. त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. पद्मासन, वीरासन इत्यादी नावे भाष्यकार व्यासांनी दिली. पतंजली सांगतात ते इतकेच : बसणे स्थिर असावे व सुखाचे असावे, प्रयत्न सैल सोडल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने ते तसे होते, आणि मग शीत-उष्ण इत्यादी द्वंद्वांचा आघात साधकाला बाधत नाही. या 'अनंत' शब्दाचा अर्थ कोणा टीकाकाराने अमर्याद आकाश असा केला, तर कोणी पृथ्वी तोलून धरणारा शेष असा. दोन्ही अर्थांचे तात्पर्य एकच : शरीर हलके व्हावे, आणि ते आपण धरून ठेवले आहे ही जाणीवच गळून पडावी.

हे किती अवघड आहे, ते कोणीही घरच्या घरी ताडून पाहावे. पाव घटका स्वस्थ बसावयाचे ठरविले की गुडघा बोलू लागतो, पाठ वाकते, नाकाला खाज सुटते. आईचा पदर ओढणाऱ्या मुलाप्रमाणे शरीर मनाला सारखे आपल्याकडे ओढीत असते. आसनाचा अभ्यास हा या मुलाला मारून गप्प बसविण्याचा उपाय नव्हे; त्याची भूक, त्याचा थकवा ओळखून त्याला निजविण्याचा तो उपाय आहे. मूल निजले म्हणजे आई आपल्या कामाला मोकळी होते.

हे काम पुढे प्राणायामाने चालविले जाते. शरीरातील बहुतेक आंतरिक क्रिया आपल्या इच्छेबाहेर चालतात. हृदयाला थांब म्हटल्याने ते थांबत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण म्हटल्यास मंदावतोही. इच्छा आणि देह यांच्यामधला तो उंबरठा होय. संताप आला की श्वास आखूड होतो, गाढ वाचनात तो संथ होतो. हा अनुभव सर्वांचा आहे. तोच उलट्या बाजूने उपयोगात आणावा, श्वासाला शांत करून मनाला शांत करावे, ही योग्यांची युक्ती. परंपरेने दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मानले आहेत, म्हणजे मिनिटाला १५. आणि प्रत्येक श्वासागणिक 'सोऽहम्' हा जप न जपताच चालला आहे, असे तिने सांगितले. प्राणायामाचे फळ सांगताना पतंजली छातीच्या रुंदीचा उल्लेख करीत नाहीत. आतल्या प्रकाशावरचे आवरण क्षीण होते आणि मन धारणेला योग्य बनते, एवढेच ते म्हणतात.

हठयोगाचे ग्रंथ तरी निव्वळ शरीराचे असतील, अशी कोणी शंका घेईल. स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' उघडावी. हठविद्या ही राजयोगाच्या शिखराकडे नेणारी शिडी आहे, असे ग्रंथारंभीच म्हटले आहे. आणि राजयोग न जाणता केवळ हठाचा अभ्यास करणाऱ्यांचे श्रम निष्फळ होत, असा इशाराही पुढे दिला आहे. चौऱ्याऐंशी आसनांचा उल्लेख करून ग्रंथकार वर्णन फक्त १५ आसनांचे करतात; त्यांतले एकही उभ्याने करावयाचे नाही. शवासनाचे फळ म्हणून चित्ताची विश्रांती सांगितली आहे. प्राणाच्या बाबतीत तर, सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू माणसाळवावा तसा तो वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करील, असे बजावले आहे. ईर्षेने श्वास कोंडणाऱ्यांनी हे शब्द विसरू नयेत.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनी यांचे जे वर्णन आहे, ते मूळ गीतेतील मोजक्या श्लोकांच्या पलीकडे जाऊन ज्ञानदेवांनी नाथपरंपरेच्या भांडारातून दिले आहे. तथापि आसनाआधी ते स्थानाचे वर्णन करतात : असे रम्य स्थान की नास्तिकाच्या मनातही तपाची आस्था उपजावी. आणि अर्जुनाने आपल्या योग्यतेविषयी शंका काढली तेव्हा त्याला मिळालेले उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते. जो क्षणभर का होईना विरक्त झाला आणि देहाच्या व्यवहारात नियमित राहिला, तो या मार्गाचा अधिकारी. अंगाच्या लवचिकपणाची तेथे चौकशी नाही.

या दोन बैठकांचा संगम आमच्या बडोदे प्रांतात एका पुरुषाच्या आयुष्यात झाला. डभोई येथे १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी त्यांना गुरू लाभले. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यांना आढळले आणि त्या स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. योग म्हणजे व्यायाम, असे ठरविण्यासाठी या प्रयोगांचा दाखला पुष्कळदा दिला जातो. पण १९२४ मध्ये लोणावळ्यास संस्था काढताना त्यांनी तिला आरोग्यधाम म्हटले नाही; कैवल्यधाम म्हटले. कैवल्य हा योगसूत्रांच्या चौथ्या आणि शेवटच्या पादाचा विषय. शिडीची पायरी न्‌ पायरी ज्याने यंत्राने मोजली, त्याने शिडी कोठे टेकली आहे हे क्षणभरही दृष्टीआड होऊ दिले नाही.

तेव्हा आसने करू नयेत किंवा आरोग्यासाठी करू नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पतंजलींनी आसनाला आठ अंगांत तिसरे स्थान दिले, त्याआधी अहिंसा, सत्य, संतोष आदी यमनियम ठेवले आणि त्यानंतर पाच अंगे सांगितली, एवढे ध्यानात असावे. आज किती आसने झाली, किती वेळ श्वास रोखला, याची मोजदाद सोपी आहे. आसनावरून उठल्यावर घरच्या माणसांशी बोलताना आपला आवाज कालच्यापेक्षा मृदू होता काय, हे पाहणे कठीण. आमच्या मते साधकाने रोज विचारावयाचा प्रश्न हाच आहे.